पोट फाटलेला ‘व’

आमच्याकडे पहिल्या भेटीत माणसाला ‘तुम्ही कुठले?’ असं विचारतात. गाव सांगितलं तरी विचारणारा थांबत नाही. ‘तसं नाही, मूळचे कुठले?’ मग आडनाव सांगा, मग मामांचं आडनाव सांगा, असं करत त्याला जे हवं असतं तिथवर तो पोचतो आणि पोचला की ‘अच्छा, अच्छा’ म्हणून विषय बदलतो. वणीला कोळसा खाणीच्या ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो, तेव्हापासून हे ‘अच्छा, अच्छा’ मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यावर काहीतरी उतारा मिळावा असं फार वाटे. तो मला चाळिशी ओलांडल्यावर मिळाला. त्यानंतर कोणी मूळ विचारलं की मी खुर्चीत मागे रेलायचो आणि सांगायचो, ‘‘मूळचे आम्ही आयर्लंडचे.’’

विचारणाऱ्याचं तोंड उघडं राही. तेवढ्यात मी चहा मागवून घेई.

आमच्या कुटुंबात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्नघरी जेवणं झाली की चार माणसं माझ्याभोवती बसतात, म्हणजे बसत असत. आयर्लंडची गोष्ट मी सात-आठ वर्षं सांगितली आणि दर वेळी तिच्यात थोडी भर घातली. आता ती गोष्ट कशी कोसळली तेही मलाच सांगायचं आहे, कारण खातं अजून दुसऱ्या कोणाकडे गेलेलं नाही.

झालं असं. मुलगी बारावी झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याला लागतात पूर्वजांचे शाळेतले जुने पुरावे. वडील ज्या प्राथमिक शाळेत शिकले, तिथे जाऊन मी दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागितला. वडिलांचं नाव लगेच सापडलं. जातीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात ‘महार’. आम्ही पुढे बौद्ध झालो, पण सरकारला जुना कागद लागतो. हवा होता तो पुरावा मिळाला. तिथून सरळ घरी यायला हवं होतं.

पण मुख्याध्यापिका बाई उत्साही होत्या. म्हणाल्या, ‘‘याच्याही आधीचं एक रजिस्टर आहे. तुमच्या आजोबांचं बघू का?’’

आजोबा, म्हणजे आमचे आबा, गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला आठवतात ते त्यांचे घारे डोळे. ते लहानपणी पोरके झाले होते आणि कोणीतरी त्यांना वाढवलं होतं, एवढंच घरात माहीत होतं. रजिस्टरात त्यांचं नाव होतं. पण पान मधोमध घडी घातलेलं, आणि घडी नेमकी जातीच्या रकान्यातून गेलेली. पहिलं अक्षर अर्धं झिजलेलं, फक्त त्याचा काना उभा. पुढचं मला ‘या’ दिसलं, मग ‘रिस’. बाईंनी झेरॉक्स काढून दिली. मी ती बसमध्ये मांडीवर ठेवून वाचली. आयारिस. पुन्हा वाचली. घारे डोळे. पोरका मुलगा. इंग्रजांचा काळ. राजूरकडे खाणीवर गोरे साहेब असत, हे मी ऑफिसात ऐकलेलं. मारेगावचा फाटा यायच्या आत माझे आजोबा एका आयरिश साहेबाचे चिरंजीव झाले होते.

‘आयरिश’चं ‘आयारिस’ कसं झालं? मास्तरचं इंग्रजी कच्चं. झालं, एवढा पुरावा मला पुरला. एका कागदावर मुलीला प्रवेश मिळाला आणि दुसरा कागद खिशात घालून मी मिरवलो. दोन्ही एकाच शाळेचे, एकाच कपाटातले. यात काही चुकतंय असं त्या वेळी मला वाटलं नाही.

पुढे मी संशोधनही केलं. यवतमाळला रेकॉर्ड रूममध्ये दोन रजा घालवल्या. एका जुन्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर पाहिलं. गोऱ्यांच्या थडग्यांवरची नावं गुडघे टेकून वाचली. कुठेही काही सापडलं नाही. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की साहेबाच्या घराण्यानं ही नोंद मुद्दाम दडवली असणार. मुलीच्या शाळेच्या नकाशाच्या पुस्तकातलं आयर्लंडचं पान मी कापून पाकिटात ठेवलं. तिकडे बारमाही पाऊस असतो असं वाचल्यावर पावसाळ्यात छत्री नेणं सोडलं आणि दोनदा तापानं पडलो. बायको म्हणाली, ‘‘रक्त तिकडचं असंल, पण फुप्फुस इकडचंच आहे तुमचं.’’

हे सगळं जिला विचारायला हवं होतं, त्या माझ्या आत्याला मी काही विचारलं नाही. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आजोबांची लेक. तिचेही डोळे घारे. राजूरला राहते, घरामागे थोडं वावर आहे. तिला मी विचारलं नाही, सांगितलं. म्हणालो, ‘‘आत्या, आबा आयरिश होते.’’

ती म्हणाली, ‘‘मंग? हे तं मले लहानपनापासून मालूम आहे. लावारिस होते.’’

आत्याला वरचे दात नव्हते. मला वाटलं, ती ‘आयरिश’च म्हणते आहे. मी हसून तिला सुधारलं. ‘‘लावारिस नाही आत्या, आयरिश.’’

‘‘तेच तं म्हनून राह्यली मी. लावारिस.’’

मी तिला तीनदा उच्चार शिकवला. तिनं तीनदा प्रयत्न केला. मग म्हणाली, ‘‘तुले जसं पाह्यजे तसं म्हन, बाप्पा. पन माह्या बुढीचं नाव कुठीतरी लिव. तिनं वाढवलं त्याले. तिचं नाव माह्याशिवाय आता कोनाले मालूम नाही, अन् माहं काही खरं नाही.’’

बुढी म्हणजे तिची आजी, आबांना सांभाळणारी बाई. मी ‘लिहू, लिहू’ म्हणालो. ही मागणी तिनं पुढे दर भेटीत केली आणि मी दर भेटीत ‘लिहू’ म्हणालो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. एका साली बोंडअळी, दुसऱ्या साली भाव पडलेला. जिल्ह्यात बाहेरच्या पत्रकारांच्या पांढऱ्या गाड्या फिरत. मला बरं इंग्रजी येतं अशी ऑफिसात समजूत होती, म्हणून एकदा एका परदेशी पत्रकार बाईंबरोबर दुभाष्या म्हणून जायचं माझ्याकडे आलं. त्यांना कापूस पिकवणाऱ्या बाया भेटायच्या होत्या. मी त्यांना सरळ आत्याकडे नेलं. आत्याच्या घरात तेव्हा कापूसच कापूस होता. भाव येईल म्हणून तिनं पुढची खोली आढ्यापर्यंत भरली होती आणि स्वतः उरलेल्या कोपऱ्यात खाट टाकून, अंग खाजवत बसली होती.

बाईंनी कापसाबद्दल दोन प्रश्न विचारले. मग त्यांचं लक्ष आत्याच्या डोळ्यांकडे गेलं आणि त्या म्हणाल्या, ‘‘यांचे डोळे फार वेगळे आहेत. वडिलांचे का?’’ मी प्रश्न भाषांतर करून सांगितला. आत्या खाटेवर सावरून बसली. इतक्या लांबून आलेलं माणूस तिला तिच्या बापाबद्दल विचारत होतं. ती बोलू लागली. जीनच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवाराबद्दल, रुईच्या ढिगाबद्दल, बुढीबद्दल. हातानं दाखवत होती, मध्येच डोळे पुसत होती. पाच-सात मिनिटं तरी बोलली असेल. मी ऐकत नव्हतो. माझं इंग्रजी वाक्य मनात तयार होतं. ती थांबल्यावर मी ते म्हटलं, ‘‘त्या म्हणतात, त्यांचे वडील आयरिश होते.’’

बाईंनी वहीत लिहून घेतलं.

आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘मी एवढं लंबं बोलली, अन् तू एवढंसंच सांगतलं?’’

‘‘इंग्रजीत कमीत मावतं, आत्या.’’

‘‘बुढीचं सांगतलं का?’’

‘‘सांगितलं.’’

मग बाईंनी मला विचारलं, आयर्लंडमध्ये कोणता भाग? मी म्हणालो, साधारण मधला. पुढचा अर्धा तास मीच बोललो. कापूस तसाच आमच्या पाठीमागे राहिला. बाई निघाल्या तेव्हा आत्यानं त्यांच्या हातात मूठभर कापूस दिला आणि म्हणाली, ‘‘त्यायले म्हन, पुढच्या खेपीले या, तवा कापसाचं सांगतो.’’ हेही मी भाषांतर केलं नाही.

पुढच्या वर्षी राजूरच्या विहाराच्या ओट्याला फरशी बसवायची ठरली. आमच्या कुटुंबातर्फे मी पुढाकार घेतला. नावाच्या दगडाचा मजकूर अर्थात मीच केला: कालकथित, मग आजोबांचं नाव, मग कंसात ‘मूळ आयर्लंड’, आणि खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. आत्यानं विचारलं, ‘‘अन् बुढी?’’

‘‘आत्या, दगडावर जागा कमी आहे.’’

तिला वाचता येत नाही, पण दगडावर किती जागा आहे ते दिसत होतं. ‘‘हे काय लिवलं मंग?’’ तिनं कंसावर बोट ठेवलं.

‘‘गावाचं नाव आहे.’’

विहारात येणारी पोरं तो दगड वाचत आणि मला विचारत, ‘‘काका, हे आयर्लंड कुठी येते? मारेगावच्या तिकडे का?’’ मला ते फार गोड वाटे. आत्या त्यानंतर ओट्यावर बसेनाशी झाली. गुडघे दुखतात म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

मुलगी शिकली, नोकरीला लागली, नोकरीनं तिला परदेशी नेलं. माझी गोष्ट ऐकत ती वाढली होती. एका सुटीत येताना तिनं माझ्यासाठी डीएनए तपासणीचा डबा आणला. म्हणाली, ‘‘बाबा, यात थुंकायचं. मी परत नेऊन पाठवते. आयर्लंडमधले आपले नातेवाईकही सापडतील.’’

थुंकण्यात मी कमी पडणार नाही असं मला वाटत होतं. पण डब्यावर लिहिलं होतं की आधी अर्धा तास तोंडात काही नको. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खर्रा खाणारा माणूस. तंबाखू, सुपारी, चुना. अर्धा तास रिकाम्या तोंडानं बसायचं म्हणजे मला उपवास. पहिल्या वेळी नळीत जे पडलं त्याचा रंग बघून मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, यात आयर्लंड नाही, पानठेला सापडेल.’’ मग तिनं माझी पुडी लपवली, पंधरा वेळा चुळा भरायला लावल्या आणि घड्याळ घेऊन समोर बसली. अशा तपश्चर्येनं मी नळी भरली.

दीड-दोन महिन्यांनी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिनं निकाल पडद्यावर दाखवला. जगाचा नकाशा होता. जिथून आपलं रक्त आलं तो भाग रंगवलेला. रंग सगळा आपल्या इथेच होता. मध्यभारत, थोडं दक्षिणेकडे उतरलेलं. युरोप कोरा. मी चष्मा पुसून आयर्लंड शोधलं. पाकिटात पान ठेवल्यामुळे त्याचा आकार मला पाठ होता. कोरं.

‘‘एक आजोबा म्हणजे चार आणे रक्त, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘चार नाही तर दोन आण्यांचा रंग तरी दिसायला हवा होता. तो कागद दाखवा बरं.’’

मी कपाटातून झेरॉक्स काढून कॅमेऱ्यासमोर धरली. तिनं फोटो घेतला, मोठा केला आणि म्हणाली, ‘‘बाबा, हा ‘य’ नाही. हा ‘व’ आहे. घडीनं त्याचं पोट फाटलंय.’’

ज्या ‘य’ला मी सात-आठ वर्षं साहेबाचा मुलगा म्हणून मिरवलं, तो पोट फाटलेला ‘व’ होता. त्याच्या आधीचा काना ‘ला’चा. लावारिस. आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असलेला शब्द. ज्याचं कोणी नाही तो.

‘‘आत्याआजी तेच म्हणायची ना हो?’’ मुलीनं विचारलं.

मी ‘रेंज जाते आहे’ म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मूळ पान पाहिलं. घडी बोटानं सपाट केल्यावर शब्द पुरता वाचता येत होता. पहिल्या दिवशीही आला असता. शेजारच्या ‘पालक’ या रकान्यात नाव नव्हतं, फक्त शाईचा अंगठा. छोटा, बाईच्या हाताचा. झेरॉक्समध्ये तो काळा डाग म्हणून आला होता आणि मी त्याला शाई सांडली समजलो होतो.

शाळेतून तसाच राजूरला गेलो. आत्याची खोली त्याही साली कापसानं भरलेली. तिला दम लागत होता. मी खाटेच्या पायथ्याशी बसलो आणि म्हणालो, ‘‘आत्या, आबा लावारिस होते.’’

‘‘तुले आज समजलं?’’

‘‘हो.’’

‘‘कोनं सांगतलं?’’

मी थुंकीची, नकाशाची सगळी हकीकत सांगितली. ती हसली. हसता हसता तिला खोकला आला, पाणी द्यावं लागलं. ‘‘म्हंजे मी सात-आठ साल बोंबलून राह्यली ते नाही चाललं, अन् तुहा थुका इलायतेले जाऊन आला तवा पटलं.’’

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पुरतं ऐकलं. आबांचे आईबाप कुठूनतरी जीनमध्ये कामाला आले होते. साथ आली, दोघंही गेले. पोरगं रुईच्या ढिगाशी बसून राहिलं. लोक म्हणत, लावारिस आहे, हात लावू नका. बुढी त्याच जीनमध्ये सरकी निवडत असे. तिनं उचललं.

‘‘शाळेत टाकाले गेली तं मास्तरनं इचारलं, जात सांग,’’ आत्या म्हणाली. ‘‘बुढी हुशार. आपली सांगतली तं पोरगं भाहेर वट्ट्यावर बसन, तिले मालूम होतं. आपले सगळे पोट्टे भाहेरच बसत. तिनं सांगतलं, माहा नोय जी, लावारिस आहे. मास्तर गडबडला. लावारिसले भाहेर बसवाचं का आत, हे त्याले कोनं सांगतलंच नव्हतं. आत बसवलं. अन् हे बुढी रोज कडूलिंबाखाली उभी. शाळा सुटली का लांबून मांगं मांगं चाले, कोनी पाहू नये म्हनून.’’

‘‘माझं नाही’’ असं ती त्याच्यासाठी म्हणाली होती. मी आयर्लंड सांगून तिला जणू ‘‘आमची नाही’’ म्हणालो ते कशासाठी, हे मी जाणून होतो. चहाच्या टेबलावर दोन मिनिटं बरी जावीत म्हणून.

‘‘तिचं नाव काय होतं, आत्या?’’

आत्यानं लगेच सांगितलं नाही. आढ्याकडे बघत राहिली. मला धडकी भरली की ती विसरली. इतकी वर्षं ‘लिहू, लिहू’ म्हणण्यात ते नाव माझ्यामुळे गेलं. मग ती म्हणाली, ‘‘कागद काढ आंधी. नाही तं मंग म्हनशीन, ऐकू नाही आलं.’’

मी झेरॉक्सच्या पाठीमागे ते नाव लिहिलं. तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

दगड कोरणाऱ्या मिस्त्रीला मी ‘मूळ आयर्लंड’ पुसायला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘साहेब, कोरलेलं पुसत नसते. दगडच पलटी मारावा लागन. मांगून कोरा आहे.’’ मी नवा दगड घेऊ का विचारलं. ‘‘कायले? चांगला दगड आहे. वरतं लिवलेलं खाली जाऊन बसन.’’

दगड त्याच्याकडे असताना ऑफिसात नवीन साहेब आले. त्यांनी चहा घेताना मला विचारलं, ‘‘तुम्ही मूळचे कुठले?’’ कोपऱ्यातले दोघे आधीच हसू लागले होते. आता आयर्लंड येणार हे त्यांना ठाऊक. मी सांगितलं ते खरं सांगितलं. जीन, सरकी निवडणारी बाई, आम्ही कोण, सगळं. साहेब ‘अच्छा, अच्छा’ म्हणाले. सांगताना माझा आवाज थोडा खाली गेला होता. तो खाली का गेला याचीच मला त्या दिवशी जास्त लाज वाटली, म्हणून तेही लिहून ठेवतो.

दगड बसला त्या दिवशी आत्याला मी स्कूटरवर मागे बसवून विहारात नेलं. वर बुढीचं नाव, खाली ‘यांनी वाढवलेला मुलगा’ असं आबांचं. कंस नाही. आत्या ओट्यावर टेकली. किती दिवसांनी टेकली, ते मी मोजलं नाही. तिनं बोट दगडावर फिरवलं.

‘‘वाच.’’

मी वाचलं.

‘‘आता इंग्रजीत सांग.’’

‘‘इंग्रजीतही तेवढंच आहे, आत्या. नाव आहे ते. बदलत नाही.’’

‘‘हो का,’’ ती म्हणाली. ‘‘मंग तवा त्या बाईसमोर काहून नाही सांगतलं?’’

नावाच्या शेवटच्या अक्षरात थोडं ओलं सिमेंट गेलं होतं. मी खाली बसलो आणि काडीनं ते काढू लागलो. आत्या वरून बघत होती. ‘‘सबुरीनं काढ,’’ म्हणाली. ‘‘एखांदं अक्षर पुन्हा फाडून ठेवशीन.’’